ईराचं नववं

ऑगस्ट संपत आला, शाळा उघडल्या, की आइंडहोवनच्या रस्त्यांवर सायकलींच्या हँडलला ओल्या टॉवेलच्या पिशव्या लटकायला लागतात. पोरांचे केस ओले, नाकं लाल, आणि सिग्नलला ती शेजारी येऊन थांबली की क्लोरिनचा वास. माझी मुलगी आता मोठी झाली. ती डेल्फ्टला शिकते आणि तिच्या पोहण्याच्या पिशवीशी माझा काही संबंध उरलेला नाही. तरी तो वास अजून मला सोडत नाही. क्लोरिनच्या मागोमाग मला खारं पाणी आठवतं, डिझेलचा धूर आठवतो, उन्हात तापलेल्या लाकडी फळ्या आठवतात. आणि दोन हजार पाचचा तो ऑगस्ट आठवतो, ज्यात मी आयुष्यात सर्वांत जास्त घाबरले होते.

मी मुळातच भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर सोलापूरचं. आमच्याकडे पाणी भरायचं असतं, पुरवायचं असतं, त्यावरून शेजारणीशी भांडायचं असतं. त्यात पडायचं नसतं. नळ फुसफुसायला लागला की आई पोळी तव्यावर टाकून धावायची. करपलेल्या पोळीचा वास आणि पाणी आल्याचा आनंद हे दोन्ही माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत. मोठं पाणी म्हणजे गावातलं तळं, आणि तळ्याचा उपयोग काठावर बसून भेळ खाण्यासाठी. अशी मी लग्नानंतर सहा वर्षांनी, हातात व्हिसा आणि कडेवर चार वर्षांची ईरा घेऊन, या पाण्यानं भरलेल्या देशात आले. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही उत्तरेकडे फिरायला गेलो तेव्हा एका ठिकाणी रस्ता खाली आणि कालवा वर होता, आणि कालव्यातली बोट आमच्या गाडीच्या टपापेक्षा उंचावरून चालली होती. मिलिंदनं गाडी थांबवून फोटो काढले. मी काच वर केली.

मिलिंद म्हणजे माझा नवरा. पुण्याचा, टँकवर पोहायला शिकलेला, इथे चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत इंजिनिअर. डोळ्यांना दिसत नाही इतक्या बारीक रेघांवर त्याचा विश्वास, पण तळहातावरच्या रेघांवर नाही. ईराच्या जन्मानंतर आईनं सोलापूरच्या गुरुजींकडून पत्रिका करून आणली, तेव्हा तो पाळण्याची दोरी धरून हसत बसला होता. गुरुजींनी सगळं चांगलंच सांगितलं होतं. बुद्धी तल्लख, परदेशगमन, मातृसुख उत्तम. फक्त एक. नववं वर्ष पाण्यापासून जपा म्हणाले. तेवढं निघालं की पुढे राजयोग. राजयोग असेल तर शाळेत कशाला घालायचं, असं मिलिंद म्हणाला आणि आईसकट सगळे हसले. मीही हसले. हसून झाल्यावर सगळे चहा प्यायला गेले, आणि ते एक वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं.

या देशात पोहणं हा छंद नाही, ते मुंजीसारखं आहे. मूल पाच वर्षांचं झालं की घालायचंच. खेमेन्तेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, तलावावर आठवड्यातून दोनदा जायचं आणि ए, बी, सी असे डिप्लोमा घ्यायचे. परवाच पुण्याहून नवीन आलेली एक मुलगी मला घाबऱ्याघुबऱ्या विचारत होती की काकू, इथे पोरांना कपड्यांसकट पाण्यात ढकलतात हे खरं का? खरं आहे, म्हटलं. पँट, शर्ट, पायात बूट. कारण कालव्यात पडणारं मूल काही पोहण्याचे कपडे घालून पडत नाही. मग पाण्याखाली मोठं ताडपत्रीसारखं कापड सोडतात, त्याला मधोमध भोक, आणि पोरानं बुडी मारून त्या भोकातून पलीकडे निघायचं. काचेमागे आईबाप कॉफी पीत बसलेले असतात. ईराच्या ए डिप्लोमाच्या दिवशी ती त्या कापडापाशी पाण्याखाली गेली, तेव्हापासून ती पलीकडे वर येईपर्यंत माझा कप जिथल्या तिथे राहिला. ती वर आली, नाकातून पाणी काढलं आणि मला हात केला. मी हात केला. माझ्या मनात एकच होतं, की बरं, अजून नववं लांब आहे.

आणि इथेच माझी चूक झाली, जी फक्त आपल्याकडचं माणूस इथे येऊन राहिलं तरच होते.

इथे आल्यापासून ईराचं वय मी इथल्यासारखं सांगायला लागले होते. ती सहा आहे, ती सात आहे. डॉक्टरांकडे तसंच, शाळेत तसंच, कपड्यांच्या दुकानात तसंच. त्यामुळे नववं वर्ष म्हणजे ती नऊ वर्षांची असेल ते वर्ष, असं माझ्या डोक्यानं कधी ठरवून टाकलं ते मला कळलंच नाही. जूनमध्ये ती आठ वर्षांची झाली. मी मनाशी हिशेब केला, की पुढचा जून आला की ती नऊ होणार; मग एक वर्ष समुद्र नाही, तलाव नाही, कालव्याकाठची सायकलसुद्धा नाही. म्हणजे पाण्याची जी काय हौस असेल ती या उन्हाळ्यातच भागवून टाकावी. मिलिंदच्या ऑफिसातला एक सहकारी तुर्कस्तान आणि ग्रीक बेटांची लहान बोटीवरची सफर करून आला होता आणि त्याचे फोटो दाखवत फिरत होता. मिलिंदला पुढच्या वर्षी जायचं होतं. मीच मागे लागले की नाही, याच वर्षी. तो चकित झाला. पाण्याच्या बाटलीलाही बिचकणारी बायको बोटीवर चला म्हणते याचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्यानं त्याच संध्याकाळी बुकिंग केलं.

बोट तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या बंदरात उभी होती. मी टायटॅनिकएवढं काहीतरी मनात धरून गेले होते, आणि समोर दोन डोलकाठ्यांची, आमच्या सोलापूरच्या घराएवढी लाकडी होडी. शिडं होती, पण बहुतेक वेळ इंजिनच चालायचं. पुढच्या डेकवर गाद्या अंथरलेल्या, मागे जेवायचं लांब टेबल, आणि बाजूला पाण्यात उतरायची शिडी. बरोबरचे प्रवासी बहुतेक निवृत्त डच जोडपी, दोन दिवसांत उन्हानं लालबुंद झालेली. एकट्या आलेल्या फक्त मीपबाई, ब्रेडा गावच्या, साठी ओलांडलेल्या, केस मुलासारखे कापलेले. त्या रोज चहाच्या आधी समुद्रात उडी मारायच्या आणि वर येऊन, केस निथळत, दोन अंडी खायच्या. मी पहिल्या दिवशी आलेपाकाचा डबा उघडून बसले होते. मळमळ झाली नाही, तरी खात राहिले.

खोटं कशाला सांगू, पहिले दिवस फार सुंदर होते. त्या पाण्याचा निळा रंग मी आधी कधी पाहिला नव्हता. कॉस या पहिल्या ग्रीक बेटाच्या बंदरात पासपोर्टवर शिक्के बसले आणि आम्ही एका मोठ्या झाडाखाली बसून कलिंगड खाल्लं. निसिरोसला ज्वालामुखीच्या खड्ड्यात उतरलो, तिथे गंधकाचा वास असा की ईरानं दिवसभर नाक धरलं. सिमीची घरं डोंगरावर पिवळी, गुलाबी, पांढरी, चैत्रगौरीच्या आराशीसारखी पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली. बोटीवर वांग्याचं काहीतरी रोज असायचं, आणि त्यावर मेतकूट भुरभुरलं की ते भरीत व्हायचं. ईरा दिवसातून चार वेळा शिडीवरून, कठड्यावरून, जिथून जागा मिळेल तिथून पाण्यात उडी मारायची. मी वरून बघायचे, भीत भीत, पण ती माझी रोजची, ओळखीची भीती होती. मिलिंद डेकवर पुस्तक उघडून बसलेला असायचा.

सिमीच्या धक्क्यावर एक टेलिफोनची पेटी होती. कार्ड विकत घेऊन मी आईला फोन लावला. आईला आम्ही फक्त तुर्कस्तान बघायला जातोय एवढंच सांगितलं होतं. आजीशी बोल म्हणून मी ईराच्या हातात फोन दिला, आणि तिनं तिच्या त्या अर्ध्या मराठीत सांगितलं की आजी, आम्ही बोटवर राहतो आणि मी समुद्रात जंप करते. मग तिनं फोन माझ्याकडे दिला. 

"अगं, नववं लागलंय ना तिला," आई म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं, नऊ पुढच्या जूनमध्ये.

"पुढच्या जूनमध्ये नऊ पुरी होतील. नववं आत्ता चाललंय. आठ पुरी झाली की नववं लागतं. तूच नाही का जूनमध्ये फोनवर म्हणालीस, ईराला नववं लागलं म्हणून?"

म्हणाले होते. आईशी बोलताना आपोआप तोंडात आलं होतं, आणि फोन ठेवल्याबरोबर मी पुन्हा इथली झाले होते. समोर ईरा धक्क्याच्या कडेवर बसून पाय हलवत होती. तिच्या पायांखाली हिरवं पाणी होतं, तळाचे दगड दिसत होते, एक मासा दिसत होता. मी तिला दंडाला धरून अशी मागे ओढली की तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. ती रागानं डचमध्ये काहीतरी बोलली. मी ऐकलं नाही. मी स्वतः, माझ्या हौसेनं, मागे लागून लागून, त्याच वर्षी तिला समुद्राच्या मधोमध आणून ठेवलं होतं.

त्यानंतर मला त्या सफरीचं सौंदर्य काही आठवत नाही. आठवतात ते आवाज. दोर कठड्याला घासल्याचा आवाज, पाणी बोटीच्या पोटाला चाटत राहायचं तो आवाज, आणि मेल्तेम. त्या भागात उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा सुटतो, त्याला ते मेल्तेम म्हणतात. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, ढगाचा ठिपका नाही, आणि वारा असा की टेबलावरचे पेले सरकत कडेला यायचे. आपल्याकडे वादळ येताना निदान अंधारून येतं, माणसाला घाबरायची मुभा असते. तिथे सगळे गॉगल लावून हसत होते आणि मी एकटी डेकच्या मधोमध डोलकाठी धरून बसले होते. मिलिंदला सांगायची सोय नव्हती. तो हसला असता. आणि समजा नसता हसला, तर ते मला जास्त भीतीदायक वाटलं असतं.

मी कारणं काढायला लागले. कान दुखेल, सर्दी होईल, आत्ताच जेवलीस, ऊन फार आहे, वारा फार आहे. लाइफ जॅकेट घाल म्हटलं तर तिचा अपमान झाला. तिच्याकडे बी डिप्लोमा होता. तुर्की किनाऱ्यावर दात्चाजवळच्या एका खाडीत बोट नांगरली तेव्हा कप्तान म्हणाला की पोहणाऱ्यांनी आज शिडीच्या आसपासच राहायचं, वारा आहे. ईरा गॉगल चढवून तयारच होती. मी तिचा हात धरला. ती हात सोडवत होती, मी सोडत नव्हते, आणि माझ्याकडची कारणं संपली होती.

मी म्हटलं, आजी म्हणते, हे वर्ष तुला पाण्यापासून जपायचंय. पत्रिकेत आहे तसं.

तिनं विचारलं पत्रिका म्हणजे काय. मी सांगितलं की आपण जन्मलो तेव्हाचे ग्रह मांडतात, त्यावरून पुढचं थोडं कळतं. तिनं गॉगल कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. मग मराठीत, अगदी नीट मराठीत, विचारलं, "म्हणजे मी बुडणार?"

तेव्हाच्या तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं, पण आधी आवंढा गिळला. मुलं उत्तर ऐकत नाहीत, आवंढा बघतात. तिनं गॉगल काढला, गाद्यांवर जाऊन टॉवेल पांघरून बसली, आणि मला हायसं वाटलं. हो, वाटलं. त्या दुपारी मी आईच्या फोननंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

ते हायसं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकलं. ईरा केबिनच्या शॉवरखाली जाईना. तोंड धुताना तिनं नळ बारीक सोडला आणि बोटांच्या टोकांनी डोळे पुसले. किनाऱ्यावर जायला फळी टाकली होती, तिच्यावरून रोज उड्या मारत जाणारी मुलगी मध्येच थांबली आणि खालचं पाणी बघून रडायला लागली. कप्तानानं उचलून नेली. डेकवर ती बरोबर मधोमध बसायची, दोन्ही कठड्यांपासून सारख्या अंतरावर, रंगाच्या पेन्सिली मांडीत धरून. मी तिच्याकडे बघत होते आणि मला ती जागा ओळखीची वाटत होती. पहिल्या दिवसापासून मीच तिथे बसत होते.

त्या दुपारी मीपबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. इथली माणसं सरळ विचारतात, त्याची मला तोवर सवय झाली होती, तरी त्यांनी विचारलं ते ऐकून अंगावर काटा आला. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी सांगते, या वर्षी पाण्यात गेली तर ती मरणार. हे तुम्ही सांगितलंत तिला?"

मी मरण हा शब्द उच्चारलाच नव्हता. मी जपायचं म्हटलं होतं, आई जपायचं म्हणाली होती, गुरुजीही जपा एवढंच म्हणाले होते. आठ वर्षं आम्ही सगळे त्या शब्दाभोवती घरातल्या घरात चवड्यांवर चालत होतो, आणि पोरीनं तो एका दुपारी शोधून काढून परक्या बाईच्या हातात ठेवला. मी हो म्हटलं. दुसरं काही सुचेना. मीपबाई चिडल्या नाहीत, समजवायलाही बसल्या नाहीत. लहानपणी त्यांच्या गावात पुराचं पाणी शिरलं होतं आणि त्यात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, एवढं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मग तुमच्या आईनं काय केलं? उरलेल्या आम्हा सगळ्यांना पोहायला घातलं, त्या म्हणाल्या. काठावर बसून रडायची, पण घातलं. मग त्या उठल्या आणि चहा आणायला गेल्या.

मी मिलिंदला गाठलं. तो मागच्या बाजूला सावलीत पुस्तक घेऊन बसला होता. मी सगळं ओतलं. आईचा फोन, नववं, ईराला काय सांगितलं ते. मला वाटलं तो आता हसेल, नाहीतर ओरडेल. त्यानं पुस्तक मिटलं. तेव्हा मला दिसलं की इतक्या दिवसांत तो त्याच पानावर होता. शिडीच्या वरच टांगलेली लाल-पांढरी रबरी रिंगही पहिल्या दिवशी तिथे नव्हती. ती त्यानं आणून टांगली होती.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बुकिंग झाल्यावर लक्षात आलं. मुंजीला आपण आठवं वर्ष म्हणतो ते असंच मोजतो ना, चालू वर्ष. तू इतकी खूश होतीस, तुला काय सांगणार."

मी विचारलं, पण तुझा तर विश्वास नाही.

"नाहीच आहे," तो म्हणाला. "तरी रोज मोजतो. ती पाण्यात उतरली की वर येईपर्यंत आकडे मोजतो."

दहा वर्षांच्या संसारात मला या माणसाची इतकी माया आली नव्हती, आणि इतकी भीतीही वाटली नव्हती. तोवर मला वाटत होतं की आमच्यातला एक तरी घाबरलेला नाही. आम्ही दोघं पोरीच्या पाठीकडे बघत बसलो. ती कागदावर बोट काढत होती. समुद्राचा रंग द्यायचा राहिला होता आणि ती निळी पेन्सिल नुसती हातात धरून होती.

शेवटच्या दिवशी बोद्रुमच्या अलीकडे एका खाडीत थांबलो. वारा पडला होता. सगळे पाण्यात उतरले, मिलिंदही. मी सलवार-कुडत्यात होते, दुसरं काही माझ्याकडे नव्हतंच. मी शिडीपाशी गेले, पाठ फिरवली आणि एकेक पायरी उतरायला लागले. कुणाला आधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पाय मागे घेतला असता. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मग कुडता फुगून छत्रीसारखा वर आला आणि त्याखाली थंडगार पाणी पोटाला भिडलं. शेवटच्या पायरीखाली पाय घातला तर तिथे काही नव्हतं. मातीही नाही, दगडही नाही. सोलापूरची मी, पायाखाली काही नसणं म्हणजे काय ते मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. मी दोन्ही हातांनी शिडी आवळली. 

वर ईरा आली होती. कठड्यापासून दोन हात लांब उभी राहून वाकून बघत होती. आई, वर ये, म्हणाली. मी म्हटलं, नाही येत, पाणी छान आहे.

"तुला पोहता येत नाही."

"म्हणून तर म्हणते, तू ये."

ती खूप वेळ उभी राहिली. मीपबाई जरा लांब पोहत होत्या. मिलिंद पाण्यात माझ्या मागेच होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नको येऊस, तिथेच थांब, मीच वर येते, आपण घरी जाऊ, कोरड्या घरी. मी तोंडावर हसू धरून ठेवलं. गाल दुखायला लागले इतकं. मग तिनं सँडल काढले, आणि उडी नाही मारली, शिडीनं उतरली, एकेक पायरी, माझ्यासारखीच पाठ करून. उतरताना तिचा पाय माझ्या बोटांवर पडला. पाण्यात आल्यावर ती थोडा वेळ शिडीला धरून राहिली. मग तिनं शिडी सोडली. माझ्या डोळ्यांदेखत सोडली, आणि मी हसत राहिले.

पोट वर, ती मला डचमध्ये सांगायला लागली, तिच्या तलावावरच्या सरांसारखं बोट नाचवत. पोट वर, कान पाण्यात, आकाशाकडे बघ. मला काही ते जमलं नाही. माझं शरीर दगडासारखं खाली जात होतं आणि मी शिडी सोडली नाही ती नाहीच. पण ती माझ्याभोवती पोहत होती. पहिल्यासारखी नाही, अधूनमधून थांबून खाली बघत होती, आधी कधी बघत नसे तशी. ते मी तिला दिलेलं होतं आणि ते मला परत घेता येणार नव्हतं.

परत आलो आणि शाळा सुरू झाल्या. सी डिप्लोमाचे वर्ग लागले. मिलिंदनं मला विचारलं की पुढच्या जूनपर्यंत थांबायचं का. मी दोन दिवस विचार केला, खरं तर विचार केला नाही, दोन दिवस नुसती तिची रिकामी पिशवी खुंटीवरून काढत आणि परत अडकवत राहिले. मग तिची पिशवी भरली. त्या पानगळीत, त्या हिवाळ्यात, अंधारात सायकली काढून आम्ही तलावावर जायचो. मी काचेमागे बसायचे. रडायचे नाही; इथे काचेमागे बसलेल्या बाईनं रडणं बरं दिसत नाही. ईरा पाण्यात उतरण्याआधी काठावर थांबून एकदा वळून माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचे, मग ती उतरायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं की आज मान हलवली नाही तर ती थांबेल. आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली. रविवारी आईचा फोन यायचा. जपतेस ना तिला, ती विचारायची. जपतेय, मी म्हणायचे, आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला ईराचा पोहण्याचा पोशाख माझ्या समोर असायचा.

मग जून आला. ईराला नऊ वर्षं पुरी झाली. सकाळी ती दात घासायला गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला, तेव्हा मी अंथरुणात पडूनच तो ऐकला. दुपारी शेजारीपाजारी आणि शाळेतल्या मैत्रिणींचे आईबाप आले. इथल्या रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या, कॉफी केली, केक कापला. मी भीतभीतच थोडा तिखट चिवडाही ठेवला. इथे वाढदिवसाला मुलाचं अभिनंदन करतातच, पण येणारा प्रत्येक जण आईबापांपाशी येऊन हात हातात घेतो आणि त्यांचंही अभिनंदन करतो, तुमच्या मुलीबद्दल म्हणून. पहिली काही वर्षं मला याचं हसू यायचं. वाढदिवस तिचा, मी काय केलं? मी मान हलवून धन्यवाद म्हणायचे आणि केक वाढायला वळायचे.

त्या दिवशी मला वळता येईना. शेजारचे आजोबा आले, अभिनंदन, तुमच्या मुलीबद्दल. मागच्या गल्लीतली बाई आली, अभिनंदन, तुमच्या मुलीबद्दल. मी प्रत्येकाचा हात दोन्ही हातांनी धरला. ती माणसं जरा गोंधळून हसली असतील. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं. बाहेर अंगणात पोरी पाण्याचे फुगे एकमेकींवर फोडत होत्या, ईरा चिंब भिजलेली, किंचाळत होती. सगळे बसल्यावर मिलिंद खोली ओलांडून माझ्यापाशी आला आणि त्या लोकांसारखाच माझ्यापुढे हात केला. अभिनंदन, तो म्हणाला, आपल्या मुलीबद्दल. मी हात हातात घेतला. जूनच्या उन्हात त्याचा तळवा बर्फासारखा गार होता, आणि अंगणातल्या किंचाळ्यांकडे कान देऊन तो ओठांतल्या ओठांत अजून आकडे मोजत होता.